डायनासोरचा दात

लोकेश म्हणाला, मावशी, तुम्हीच लिहा,
पंचवीस वर्षं खिडकीत तुम्ही बसलात.
फ्लेक्सवर चार ओळी हव्यात,
रिक्षाच्या भोंग्यासाठी दोन.

मी लिहिलं: खान्देशातलं सर्वांत मोठं उद्यान.
पुंडलिकभाऊंनी चष्मा कपाळावर चढवला.
म्हणाले, सर्वांत मोठं कामून लिहिलं वं?
फैजपूरहून आपला पाळणा दिसत नाही.
सावद्याहून दिसतो,
तोही मधली केळी कापली तर.

खोडलं.

मग लिहिलं: स्वप्नांची दुनिया.
पण दुनियेला बाभळीचं कुंपण,
आणि स्वप्नाला विहिरीवरची जुनी मोटर;
लाइट गेली की पाळणा आहे तिथे थांबतो
आणि वर अडकलेलं नवं जोडपं
तासभर सातपुडा बघत बसतं.
त्या तासाचे पैसे भाऊंनी कधी घेतले नाहीत.

तेही खोडलं.

खरं तर हे उद्यान मी फारसं पाहिलंच नाही.
मी हात पाहिले.
खिडकी वीतभर, तिच्यातून हातच येतात.
केळीच्या चिकाने काळे पडलेले,
कुठल्याच साबणाला न जुमानणारे.
सहलीच्या पोरांचे, मुठीत धरून धरून
नाणं तापवून आणलेले.
एक बाई दर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी यायची,
घसरगुंडीचं एकच तिकीट मागायची.
हिरव्या बांगड्या, नखात हळद.
बरोबर पोर नसायचं.
मी कधी विचारलं नाही,
सुटे तेवढे मोजून दिले.

हे फ्लेक्सवर कुठल्या रंगात छापायचं?

शेवटी लोकेशचीच शक्कल छापली:
पहिल्या वर्षाचं तिकीट आणा,
दिवसभर फुकट फिरा!
त्याच्या हिशेबाने येणार होते पाच-सहा जण.
मी गप्प बसले.
ती गुलाबी तिकिटं माझ्याच हातची होती,
कुणी किती जपून खिशात ठेवली
ते मला माहीत होतं.

मार्गशीर्षातला रविवार.
पऱ्हाट्यांवर भरताची वांगी फुटत होती,
धूर थेट गाडीच्या डब्यांत,
पोरं डोळे चोळत हसत होती.
आणि हात यायला लागले.
एक तिकीट पाकिटात घामाने पांढरं झालेलं.
एक पासबुकाला चिकटलेलं, सोडवता येईना,
म्हणून पासबुकासकट.
एकाने झेरॉक्स आणली. चालवून घेतली.
दुपारपर्यंत एकशे बारा.
लोकेश कॅल्क्युलेटर घेऊन झाडाखाली गेला.
भाऊ भरीत वाढत होते,
पातेल्यात बघून म्हणाले, आता पाळणा विकायचा का रे?

मग एक हात आला, भारी घड्याळाचा.
तिकीट नव्हतं.
तळव्यावर सिमेंटचा दात.

सातवीत होतो, तो म्हणाला. पैज लागली होती.

खालचा जबडा, डावी बाजू.
मला विसरणं शक्य नव्हतं,
कारण त्या दातापायी
राखणदार सुपडूचे साठ रुपये कापले गेले होते.
पगाराच्या वहीत नोंद माझ्याच अक्षरात.

सुपडूला हाक मारली. तो पाळणा सोडून आला,
दात उलटासुलटा केला, वजन पाहिलं.
साठ रुपये कापले व्हते माह्ये, म्हणाला.
त्या माणसाने पाचशेची नोट काढली,
मग दुसरी.
सुपडू म्हणाला, मले साठच दे.
सुटे कुणाकडेच नव्हते.
भाऊ हातात डाव घेऊन मागे उभे होते,
किती वेळ कोण जाणे.
ते पुढे आले, माझ्या गल्ल्यात हात घातला,
साठ मोजले, सुपडूच्या खिशात ठेवले
आणि पुन्हा भरताकडे गेले.
एक शब्द नाही.
त्या माणसाची नोट हवेत तशीच राहिली.

दात बसवायला शिडी लावली
तर डायनासोरच्या तोंडात जागाच नाही.
दोन वर्षांमागे गवंड्याने
नवी बत्तीशी करून दिलीय,
त्याच्या हिशेबाने दोन जास्तच.

फ्लेक्स उतरला. तो आता मोटरीवर झाकलाय,
पंचवीसमधला पाच तेवढा बाहेर दिसतो.
दात माझ्याकडे.
खिडकीत पंखा फार सुटतो,
नोटांवर ठेवायला बरा पडतो.